तीन रविवारांचा प्रिंटर

"बाबा, हा प्रिंटर मी चालवून दाखवला, तर कॉलेजला काय शिकायचं ते मी ठरवू?" बाबांना हे विचारून दाखव, असं मैत्रिणींनी चॅलेंज दिलं होतं, म्हणून अंतराने विचारूनच टाकलं.

"खुशाल ठरव!" बाबा हसले. तो जुना, सिरियल केबलने जोडायचा लेझर प्रिंटर लिनक्सच्या कॉम्प्युटरला जोडण्यात त्यांचे तीन रविवार गॅरेजमध्येच गेले होते, आणि कागदावर नुसता अक्षरांचा गोंधळ उमटत होता.

अंतराने कॉम्प्युटरचा माहिती पाठवण्याचा आणि प्रिंटरचा ती घेण्याचा स्पीड सारखा केला. तासाभरात स्वच्छ छापलेला कागद बाहेर आला.

"नीला, अगं लवकर ये!" बाबांनी आईला हाक मारली. "पोरगी जन्मजात इंजिनिअर आहे!"



अंतराने तो गरम कागद दोघांसमोर धरला. "आई, बाबा, हा ड्रामा स्कूलचा फॉर्म आहे. माझं ठरलं!"