पहिल्या भेटीचे कपडे

पोरीचा सगळा जन्म हुडीतच जाणार, असं तिची आई म्हणायची. कॉलेज असो, ऑफिस असो, नाहीतर मैत्रिणीचं लग्न, हिच्या अंगावर आपली ढगळ हुडी. पण आज होणाऱ्या सासूबाईंना ती पहिल्यांदाच भेटणार होती. आईने तिला साडीत कोंबलं, पिनांनी जागोजागी टाचलं आणि बजावलं, "तिथे सारखी खिसे चाचपत बसू नकोस, साडीला खिसे नसतात."

दार सासूबाईंनीच उघडलं. त्यांच्या अंगावर कोरी करकरीत हुडी होती आणि चेहरा घामाने डबडबला होता.

"अगंबाई, तू साडीत?" त्या हिरमुसल्याच. "आमचा मुलगा म्हणाला, ती हुडीशिवाय राहत नाही. म्हटलं, तुला परकं वाटायला नको. सकाळपासून उकडून निघालेय गं मी!"

"आणि मला धड श्वाससुद्धा घेता येत नाहीये हो, काकू," ती कळवळून म्हणाली.

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. मग आतल्या खोलीचं दार बंद झालं आणि बराच वेळ नुसतं हसणं ऐकू येत राहिलं.



जेवायला बसल्या तेव्हा साडी सासूबाईंच्या अंगावर होती आणि हुडी सुनेच्या.