पुढे नवे, मागे घासलेले

जीप नाल्यातला चिखल सोडून डांबरी रस्त्याला लागली आणि खालून कुरकुर सुरू झाली.

"हा आवाज कायचा हो, भाऊजी?" शेजारी बसलेल्या सुधाकररावांनी विचारलं.

उद्धवरावांनी स्टिअरिंग घट्ट धरलं. "चिखलात चारी चाकांले जोर द्याले फोर-व्हील टाकलं होतं. त्याची दांडी आता निघून नाही राह्यली."

"मंग?"

"पुढचे टायर नवे, मागचे घासलेले. चाकं लहानमोठी झाली. चिखलात घसरून निभावून नेतात. डांबरावर पुढची चाकं एक म्हणतात, मागची दुसरंच. सारा ताण मधल्या गिअरबॉक्सवर येते."

"असं कोणी करते काय? चारी काऊन नाही टाकले नवे?"

"नारळ पुढंच फोडतात ना. पुढचे दोन नवे दिसले म्हणजे झालं."

सुधाकररावांना हसू आलं नाही. ते उद्धवरावांच्या बायकोचे, कौशल्याबाईंचे थोरले भाऊ. भाचीची, सुनयनाची ही सोयरीक त्यांनीच जुळवली होती आणि आज तामसीकडच्या गावात तिचं साक्षगंध होतं. मुलाचे वडील रामाजी मोठे बागायतदार, माणूस तसा भला, पण शकुन-अपशकुनाच्या बाबतीत कर्मठ.

"रामाजीचं तुमाले सांगतलंच हाय," सुधाकरराव म्हणाले. "मागच्या साली पोरीवाल्यांची गाडी वाटेत बंद पडली, तर त्यानं साक्षगंध मोडून टाकलं. कोणाचं ऐकलं नाही. आज गाडी त्याच्या दारात जाऊनच थांबली पायजे."

"ठाऊक हाय मले," उद्धवराव म्हणाले.

त्यांनी आरशात पाहिलं. मागच्या सीटवर सुनयना आईला टेकून बसली होती. हैदराबादला मोठ्या दवाखान्यात तिला नर्सची नोकरी लागली होती. रामाजींनी निरोप धाडला, आमच्या घरची सून नोकरी करत नाही. सुनयना एवढंच म्हणाली होती, "तुमी म्हणान तसं, बाबा." त्यानंतर तिनं घरात बोलणंच सोडलं. पोरी रडतात आणि मग संसारात रमतात, असं सुधाकररावांचं शास्त्र होतं. स्वतःला मुलगी नसली की असली शास्त्रं सुचतात.

उद्धवरावांनी चार माणसांत सुपारी फोडून शब्द दिला होता. दिलेला शब्द त्यांनी कधी फिरवला नव्हता. त्यात मेहुण्याची मान खाली गेली तर कौशल्याबाईंना माहेर उरणार नव्हतं. सुनयना गेले कित्येक दिवस रात्रीची उठून बसत होती, आणि तिच्याबरोबर तेही.

कुरकुर वाढली. वळणावर तर जीप अशी अडखळली की कौशल्याबाईंनी मांडीवरचं ओटीचं ताट दोन्ही हातांनी धरलं.

"बाबा," सुनयना पहिल्यांदाच बोलली. जीप तिलाही येत होती, शेतात उद्धवरावांनीच शिकवली होती. "जराशी रिवर्स घ्या. ताण सुटला की दांडी निघते."

"आता मागं जाणं नाही, बाई. येळ होऊन राह्यला."

ती पुन्हा आईला टेकून बसली.

पुढे रस्ता उकरलेला होता. खडीवर चाकं घसरली आणि आवाज एकदम थांबला. सुधाकररावांनी हात जोडले. उद्धवरावांना मात्र दरदरून घाम फुटला. ते कान देऊन ऐकत राहिले.

"आता असंच बाजूच्या कच्च्यातून घ्या," सुधाकरराव म्हणाले. "हळू गेलो तरी चालते."

"कच्च्यात काटे असतात. टायर फुटलं तर?"

जीप पुन्हा डांबरावर चढली. कुरकुर पुन्हा सुरू झाली.

तामसीचा फाटा मागे पडला. कापसाच्या शेतांपलीकडे देवळाचा कळस दिसायला लागला. गाव एवढ्या लवकर येईल असं उद्धवरावांना वाटलं नव्हतं. त्यांनी मनातल्या मनात कुलदैवताला हाक मारली, आजचा दिवस सांभाळ म्हणून, आणि गाडीचा वेग वाढवला.

"हळू, भाऊजी, हळू!"

गावात शिरायचं शेवटचं वळण आलं. खाली धाडकन आवाज झाला. जीपनं एक गचका खाल्ला, थोडी घरंगळली आणि रस्त्याच्या कडेला थांबली. तेलाचा काळा ओघळ डांबरावर पसरला.

इथून मांडव दिसत होता, म्हणजे मांडवातल्या लोकांनाही जीप दिसत असणार. सुधाकररावांचा फोन वाजला. ते उतरून थोडे दूर गेले. त्यांचं आर्जव सगळ्यांना ऐकू येत होतं. मग आर्जवही थांबलं.

ते परत आले तेव्हा चेहरा पार उतरला होता. "तिथूनच परत जा म्हणते रामाजी. देवाची इच्छा नाही म्हणते." ते रस्त्याच्या कडेला मटकन बसले. "तुमचा काही दोष नाही, भाऊजी. तुमी तर जीव काढला आज. माह्या तोंडानं मी गावात सांगीन."

कौशल्याबाईंनी भावाच्या हातात पाण्याची बाटली दिली. सुनयना जीपमध्येच बसून होती. पदरात तोंड लपवून ती रडत होती की काय, ते कळत नव्हतं.

आदिलाबादहून लखन मेकॅनिक मोटरसायकलवर आला. उद्धवरावांची जीप तो वर्षानुवर्षं सांभाळत होता. आल्या आल्या तो जीपखाली शिरला, आणि बाहेर आला तेव्हा कोपरापर्यंत काळा झाला होता.

"गिअरबॉक्स गेला, काका," तो म्हणाला. मग त्यानं मागच्या चाकांकडे पाहिलं, सुधाकरराव बसले होते तिकडे पाहिलं, आणि आवाज खाली आणला.

"तवाच मी म्हटलं होतं, असं होईन म्हणून. चारी नवे बसवून देले होते मी तुमाले. मंग काल मागचे दोन काढून घासलेले परत काऊन लावाले सांगतले?"