आ करा

दातांच्या डॉक्टरांना मालिकांवर मतं फार, आणि ऐकणारेही आयते मिळायचे. खुर्चीत आ वासून बसलेला माणूस वाद कसला घालणार?

एकदा दाढ किडली म्हणून एक गृहस्थ आले. फॉर्मवर व्यवसायापुढे त्यांनी 'मालिकालेखन' असं स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं. डॉक्टरांनी फॉर्म न वाचताच दाढेला ड्रिल लावलं आणि नेमकी त्यांच्याच गाजलेल्या मालिकेची सालटी काढायला घेतली.

"पहिला सीझन झकास होता हो. दुसऱ्यात लेखकाने पार माती खाल्ली. एक पात्र खरं वाटेल तर शपथ. या बाबाने आयुष्यात जिवंत माणूस बघितलाय की नाही, देव जाणे. जरा अजून मोठा आ करा."

गृहस्थांच्या डोळ्यांत पाणी आलं. चूळ भरून, बधिर गाल धरून ते निघून गेले.

तिसऱ्या सीझनच्या पहिल्याच भागात एका बडबड्या दंतवैद्याचा त्याच्याच दवाखान्यात खून झाला.


दुसऱ्या दिवशी डॉक्टर नव्या पेशंटच्या दाढेवर वाकत म्हणाले, "काल बघितलंत? असला डॉक्टर कुठे असतो का हो?"