कोपऱ्यातली खुर्ची

कपाट सरकवून झाल्यावर ती सोफ्यावर येऊन बसली आणि तिने आतल्या खोलीकडे बघितलं. कॉट दिसत नव्हती. जेवणाच्या टेबलाशी उभी राहिली, मग थेट बाहेर जाऊन पाहुण्यासारखी आत आली. बाबा कुठूनच दिसत नव्हते. त्या खोलीचं दार व्हीलचेअर अडते म्हणून कधीच काढून टाकलं होतं. पडदा लावला की माणसाला आत डोकावावंसं वाटतं, कपाटाकडे कुणी ढुंकून बघत नाही.

हे तिचं रोजचंच काम. व्हिडिओ गेममधली शहरं ती रचायची आणि जे दाखवायचं नाही ते खेळणाऱ्याच्या नजरेला पडू नये म्हणून मध्ये टेकडी, झाडांची रांग, नाहीतर उलटलेला ट्रक आणून ठेवायची. ऑफिसात तिला सगळे झाकपाक म्हणत. चिडवत, पण कामाला नाव ठेवायची कुणाची टाप नव्हती. परदेशातल्या शाखेत दोन वर्षांसाठी पाठवायच्या यादीत तिचं नाव सगळ्यात वर होतं. अर्जात 'घरची काही अडचण?' असं विचारलं होतं. तिने 'नाही' लिहिलं होतं.

आज साहेब बायकोला घेऊन चहाला येणार होते. सहज म्हणून. असं सहज कुणी येत नाही, हे तिला कळत होतं.

बाबांना तिने दुपारीच सांगितलं. सांगताना चादरीच्या सुरकुत्या काढत राहिली, म्हणजे त्यांच्या तोंडाकडे बघावं लागलं नाही. बाबा एवढंच म्हणाले, "कपाट एकटीने ढकलू नकोस. पाठ धरेल."

पाहुणे आले. साहेब सोफ्यावर बसले. बाईंनी मात्र वारा बरा येतो म्हणून खिडकीजवळची कोपऱ्यातली वेताची खुर्ची धरली. चहा झाला, गप्पांच्या नादात दुसराही झाला. एकटीने राहून घर किती नीटनेटकं ठेवलंय, असं बाई म्हणाल्या. ती हसली. दोन तासांत आतून साधा खोकलाही ऐकू आला नाही. निघताना साहेब दारात थांबले आणि तयारीला लागा म्हणाले.

दार लावून ती धावतच आत गेली. बाबा भिंतीला टेकून, गुडघे छातीशी घट्ट कवळून बसले होते. खुब्याचं हाड मोडल्यापासून ते पाय इतके कधी दुमडले नव्हते.

"असे का बसलात, बाबा?"

बाबांनी जन्मभर नाटकांचे देखावे उभे केले होते. लहानपणी ते तिला रिकाम्या थिएटरात पार कडेच्या खुर्चीवर नेऊन बसवत आणि विंगेतलं काही दिसतं का, ते विचारत.

"कोपऱ्यातल्या खुर्चीवरून बघायचं राहिलं तुझं," ते म्हणाले. "तिथून कॉटचा पायथा दिसतो. कपाट ठेवलंस तेव्हाच लक्षात आलं होतं माझ्या."

"मग सांगायचं ना."

"पुन्हा ढकलावं लागलं असतं तुला."

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने त्यांच्या हातांची मिठी सोडवली, गुडघ्यांवर तळवे ठेवले आणि हळूहळू खाली दाबू लागली. पाय सरळ होत नव्हते.