बैठकीतला पिंजरा

योपी बोटीवरून उतरून घरी पोचला तेव्हा त्याची आई बैठकीच्या मधोमध जमिनीवर बसून लोखंडी जाळी घासत होती. खोलीभर व्हिनेगरचा वास सुटला होता. खुर्च्या बाहेर अंगणात, वाळत घातलेल्या लवंगांच्या शेजारी काढून ठेवल्या होत्या. आत उरला होता फक्त एक लाकडी सांगाडा, छताला टेकलेला.

"हे काय चाललंय?" त्याने पिशवी खाली ठेवत विचारलं.

"पिंजरा," वेल्मिना म्हणाली. मान वर केली नाही. "नव्या जाळीवर जस्ताची पूड असते. पोपट चोच घासत बसतो, पूड पोटात जाते आणि मरतो. म्हणून घासायची."

पोपट खिडकीत, उसन्या आणलेल्या लहानशा पिंजऱ्यात होता. शेजारच्या सिलासच्या घरी अंड्यातून निघालेला, हिरवागार, चोच अजून काळपट. तो योपीकडे एका डोळ्याने बघत होता.

"आई, घर घ्यायला आज माणूस येतोय. तुला फोनवर सांगितलं होतं."

"सांगितलं होतंस. मी हो कुठे म्हटलं होतं?"

"नाहीही म्हणाली नव्हतीस."

"आता म्हणते," वेल्मिना म्हणाली आणि जाळी उलटी केली.

तेवढ्यात रुस्लीसाहेब आलेच. अंबोन शहरातून आलेला सभ्य माणूस. सापारुआ बेटाच्या किनाऱ्यावर पाहुण्यांसाठी खोल्या बांधायच्या होत्या त्यांना, आणि हे घर समुद्राच्या तोंडावर होतं. चपला दाराबाहेर काढून ते आत आले, सांगाड्याला एक फेरी मारली. लाकडावर बोट टेकवून पाहिलं.

"छान काम आहे, ओमा," ते आदराने म्हणाले. सगळं बेट वेल्मिनाला ओमाच म्हणायचं, आजी. "हे सामानाबरोबर जाईल ना?"

"दारातून निघत नाही."

"सुटं करता येईल की."

"सगळे जोड पाचरीचे आहेत. सिलासने ठोकून बसवलेत. करवतीनं कापावं लागेल." ती उठली, कमरेला गुंडाळलेल्या सारोंगलाच हात पुसले. "आणि करवत मी लावू देणार नाही."

रुस्लीसाहेबांनी योपीकडे पाहिलं. योपी खिडकीबाहेर बघत होता.

"हा पोपट नीट सांभाळला तर पुष्कळ वर्षं जगतो," वेल्मिना म्हणाली. "कदाचित तुमच्या-माझ्याहून जास्त. तेवढं थांबायची तयारी असेल तर बसा, चहा ठेवते."

रुस्लीसाहेब हसले. चहा प्यायले, सागूची बिस्किटं खाल्ली, सागूचा भाव कसा वाढलाय त्यावर बोलले. घराचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. जाताना फाटकापाशी योपीला हळूच म्हणाले, "त्यांचं मन झालं तर कळवा. मला काही लक्षण दिसत नाही."

योपी आत आला तो चिडूनच.

"गेल्या महिन्यात तू न्हाणीत पडलीस. रात्रभर तशीच होतीस. सकाळी सिलासला कळलं. सकाळी, आई."

"माहीत आहे मला. मीच पडले होते."

"मग माझ्याकडे मकासरला चल ना. आम्ही आहोत, दवाखाना पायाशी आहे."

वेल्मिनाने खिडकीतल्या पोपटाकडे बोट केलं. "याचा आवाज ऐकलास? काल मी परसात गेले, पाच मिनिटं दिसले नाही, तर असा बोंबलला की धक्क्यावरून माणसं धावत आली. आता मी पडले तर सकाळची वाट बघावी लागणार नाही."

"पोपटाच्या भरवशावर राहणार?"

"तुझ्या फोनच्या भरवशावर राहिलेच की इतकी वर्षं."

योपी भिंतीला टेकून बसला. बाहेर कुणीतरी लवंगांवरच्या कोंबड्या हाकलत होतं. तो म्हणाला, "आणि तुझ्यानंतर? याचं कोण करणार?"

"तू."

"मी मकासरला असतो."

"पोपट इथे असेल," वेल्मिना म्हणाली.

तिने जाळीचा शेवटचा तुकडा उचलला आणि स्टुलावर पाय ठेवला. वरच्या कोपऱ्यात तो बसवायचा होता. पाय किंचित थरथरला. योपी ताडकन उठला.

"उतर खाली. दे इकडे."

तो बोटीतल्याच कपड्यांत सांगाड्यात शिरला. तिने बाहेरून जाळी धरली, त्याने आतून तारा वळवल्या. काम नीट होतंय का हे ती बाहेरून बघत होती आणि दर वेळी काहीतरी चुकत होतं. तार सैल आहे. फट राहिली, याचं डोकं अडकेल तिथे. टोक आत नको काढूस, बाहेर काढ. योपीचा शर्ट पाठीला चिकटला. पोपट टकामका बघत होता, मधेच एकदा जोरात ओरडला आणि योपी दचकला.

"सांगितलं ना," ती म्हणाली.

मग तीच पुढे म्हणाली, "आता सगळीकडून हात फिरव. कुठे टोचतं का बघ."

त्याने तळवा जाळीवरून फिरवला, वरपासून खालपर्यंत, लहान मुलाच्या पाठीवरून फिरवावा तसा. एका जागी थांबला. "इथे आहे एक. पक्कड दे."

तिने पक्कड आत दिली. त्याने टोक दाबून टाकलं. तो वळेपर्यंत तिने पिंजऱ्याचं दार बाहेरून लोटलं आणि कडी घातली.

"आई?"

"हे पक्षी कडी उघडायला शिकतात म्हणे. आतून उघडते का बघ."

योपीने दार ढकललं. जाळीतून बोट घालून पाहिलं, पेरापुढे जाईना. पुन्हा ढकललं.

"नाही उघडत."

"छान," वेल्मिना म्हणाली, आणि पोपटाला बदाम फोडून द्यायला स्वयंपाकघराकडे वळली.