ते एवढं राहू दे

‘जिम?’ राजश्रीने फोनमधून मान वर काढली. ‘बाबा, तुम्ही जिमला कधीपासून जाताय?’

सहादेवांनी चहाचा कप तोंडाशी तसाच धरला. सत्तरी ओलांडलेला, गुडघ्यांना तेल चोळून इंद्रलोकमधल्या बिल्डिंगचा तिसरा मजला चढणारा माणूस. त्याला जिमचं काय विचारायचं! काल मेडिकलवाल्यासमोर औषधांचं पेमेंट फेल झालं. पुन्हा केलं, पुन्हा फेल. मागची बाई ‘अंकल, जल्दी करो ना’ म्हणाली, तेव्हा कुठे कळलं की पेन्शनच्या खात्यात खडखडाट आहे. म्हणून आज सुट्टीचा मुहूर्त साधून सून सासऱ्याचा फोन घेऊन बसली होती.

खात्याला गळती लागली होती. दर महिन्याला आपोआप पैसे कापले जात होते. जिमचे, क्रिकेटच्या ॲपचे, गाण्यांचे, सिनेमांचे. ही सगळी समाधानची कामं. त्याचा पगार घराच्या हप्त्यात संपायचा, म्हणून असल्या हौशी तो बापाच्या खात्यावर लावायचा आणि वर ‘बाबा, तुम्हाला तरी काय खर्च आहे?’ म्हणून हसायचा. दीड वर्षापूर्वी त्याने कावीळ अंगावर काढली आणि बघता बघता तो गेला. त्याच्या मागे त्याची जिम चालू राहिली, त्याच्या मॅचेस चालू राहिल्या. घरात कोणाच्या ध्यानीमनीही नव्हतं.

राजश्री एकेक बंद करत गेली. ‘नक्की बंद करायचं?’ असं फोन दर वेळी विचारत होता, आणि दर वेळी ती ‘हो’ दाबत होती. गाण्यांपाशी बोट जरा अडलं. मग तेही दाबलं.

तसं तिचं मन आठवडाभर थाऱ्यावर नव्हतंच. हाटकेशला स्टीलच्या भांड्यांच्या एका गाळ्यात ती बिलं बनवायची. तिथे माल पाठवायचं काम बघणाऱ्या परागने मंगळवारी पेढे वाटले. साखरपुडा झाला होता त्याचा. याच परागने गेल्या दिवाळीत तिला लग्नाचं सरळ विचारलं होतं, आणि तिलाही तो मनापासून आवडत होता. पण घरात म्हातारा सासरा एकटा. सासूबाई तर लग्नाआधीच गेलेल्या. पोराला जाऊन वर्षही झालं नाही आणि सून दुसऱ्याचं नाव काढते, हे ऐकून म्हातारा खचेल, या धास्तीने ती नाही म्हणाली. पराग तरीही बरेच महिने थांबला. माणूस थांबून थांबून किती थांबणार? पेढा तिने सगळ्यांसमोर हसत खाल्ला.

शेवटी एकच राहिलं. लग्न जुळवणाऱ्या साइटचं. राजश्रीला कसंनुसं झालं. याच साइटवर तिच्या परभणीच्या माहेरच्यांना समाधानचं स्थळ सापडलं होतं. लग्न झालं, संसार झाला, नवरा हातातून गेला, आणि त्याच्यासाठी मुली बघणं अजून चालूच होतं!

‘ते एवढं राहू दे,’ सहादेव एकदम म्हणाले.

‘अहो बाबा, तुमच्या औषधाला पैसे नाहीयेत.’

‘असू दे गं. बघतो मी ते.’

म्हाताऱ्याचा जीव पोराच्या फोटोत अडकलाय, तिला वाटलं. तिला त्यांची दया आली आणि रागही आला. याच माणसाला जपायला आपण एवढं सोडलं, आणि हा अजून मुलासाठी स्थळं बघतोय! बाकीची बंद झाली तशी ही साइट नुसत्या बोटाने बंद होईना. तिने तिरीमिरीत साइटच्या ऑफिसला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. सहादेव उठले आणि गॅलरीच्या दाराशी जाऊन पाठमोरे उभे राहिले.

‘मॅडम, बंद करने का कारण?’ पलीकडून एका मुलीचा आवाज आला. ‘शादी तय हो गई क्या?’

‘नहीं. लडका गुजर गया. डेढ साल हुआ.’

पलीकडे थोडी टकटक झाली. ‘सॉरी मॅडम. लेकिन इस नंबर पे लडके का प्रोफाइल नहीं है. लडकी का है. नाम राजश्री. पिछले साल सितंबर में पिताजी ने बनाया है.’

सप्टेंबर. म्हणजे दिवाळीच्याही आधी.

‘बंद कर दूँ क्या, मॅडम?’

राजश्रीने फोन कापला. सहादेवांनी अजून मान वळवली नव्हती.

‘विहारात माईकवर दहादा बोललो आसंल, विधवा पोरींची लग्नं लावा म्हणून,’ ते म्हणाले. ‘घरात तोंड उघडंना. तुला वाटलं आसतं, म्हातारा आता घरातून काढाय बघतोय. या साइटचे पैसे कापल्याचा मेसेज आला की ठरवायचो, या महिन्याला बोलतोच. तोवर दुसरा मेसेज यायचा.’

मग ते वळले. डोळे भरून आले होते.

‘मी लई उशीर तर नाही ना केला, पोरी? तुझ्या मनात कोणी होतं का?’

राजश्रीने त्यांच्याकडे बघितलं. परागचं नाव अगदी ओठांवर आलं होतं.

‘नाही बाबा,’ ती म्हणाली. ‘कोणीच नव्हतं.’