मऊ गादीचं मचाण
सकाळी सातला, हरणांच्या शिकारीच्या पहिल्याच दिवशी, विस्कॉन्सिनच्या रानात मार्लिसच्या वडिलांच्या पायाखालची फळी निसटून जमिनीवर आदळली. खोडावर सरकवत चढायच्या मचाणाची वरची बैठक आणि पायाखालची फळी दोरीने एकमेकींना बांधायची असते. दोरीची कडी वाजली की हरणं बुजतात, म्हणून त्यांनी दोरीच कापली होती. आता वीस फूट उंचीवर ते पाय अधांतरी सोडून बसले होते आणि बैठक कलत होती. "दुकानात सांगितलं होतं, सुरक्षापट्टा घ्या! तुम्ही बैठकीची गादी दाबत बसलात!" मार्लिस खालून कडाडली. "हळू बोल, बये. हरणं पळतील." "पळू देत! आईला काय सांगू, गादी मऊ होती? ती बंदूक टाका आणि खोड धरा!" "भरलेली आहे. आधी तू बाजूला हो." "भरून चढलात?" तिने फोन करून बोलावलेली अग्निशमन दलाची गाडी महामार्गावरून वळल्याचा निरोप आला, तेव्हाही मार्लिस झाडाखालीच उभी होती.